वेळाईला बोललेला नवस

“हा खांब जरा वाजवून बघा,” मी म्हणालो.

हा माझा ठरलेला कार्यक्रम होता. देवळाच्या पायऱ्या चढलं की डावीकडचा पहिला खांब. लांबून काळ्या पाषाणाचा दिसायचा आणि बोटांनी टकटक केलं की रिकाम्या खोक्यासारखा वाजायचा. पर्यटक हसायचे. मग प्रत्येकाला तो वाजवून बघायचा असायचा, पोरं तर लाथासुद्धा घालायची. हसणं ओसरलं की मी सांगायचो, “आत बांबू, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, वरून प्लास्टर. चार वर्षं घराघरातून लोकांनी हात जोडले ते याला!” पुन्हा हशा. मग फोटो.

त्या दिवशी माझ्याबरोबर एकच बाई होत्या. साठीच्या, अंगानं किरकोळ, इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या. बार्शीहून रात्रभर एसटीत बसून कणकवलीला उतरल्या होत्या, तिथून दुसऱ्या एसटीनं आमच्या निवेखोलच्या तिठ्यावर. प्रमिला डोईफोडे असं त्यांनी रिक्षात बसतानाच नाव सांगितलं होतं. वाटभर मी दाखवत गेलो, हा तो दगड जिथं नायिकेचा साखरपुडा मोडला, हे ते कोकमाचं झाड जिथं खलनायकाला साप चावला, साप रबरी होता. त्या प्रत्येक वेळी मान हलवायच्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बघायच्या.

त्यांनी खांब वाजवला नाही. सरळ आत गेल्या, गाभाऱ्यासमोर खाली बसल्या आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडायला लागल्या. हिरवी साडी, खण, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, नारळ.

इथं मला थोडं मागे जाऊन सांगायला हवं. आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. तीन बाजूंनी समुद्र दिसतो. पूर्वी तिथं शेळ्या चारायलाच काय ते कुणी जायचं. मग मुंबईहून मालिकावाले आले, जागा बघून वेडे झाले आणि कड्याच्या टोकाला त्यांनी हे देऊळ उभं केलं. मालिका होती ‘लेक वेळाईची’. वेळाई नावाची देवी आमच्या पंचक्रोशीत कुठेच नाही. मुंबईतल्या लेखकानं ते नाव काढलं. पण मालिका तुफान चालली आणि टीव्हीत दिसलेला समुद्र, सडा, देऊळ बघायला गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, गोव्यातली हॉटेलातली नोकरी सोडून घरी बसलेला. रिक्षा घेतली, मागे ‘मालिका दर्शन’ असं रंगवून घेतलं आणि माझं बरं चाललं. मालिका संपली तेव्हा देऊळ पाडणं जास्त कटकटीचं म्हणून त्या लोकांनी तसंच सोडलं. मूर्ती मात्र घेऊन गेले. रिकामा गाभारा बघून पर्यटकांचा विरस व्हायचा, म्हणून मी देवीचा फ्लेक्स छापून आणला आणि आत ताणून बांधला. खाली ‘सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सात वाजता’ असं छापून आलं होतं. ती पट्टी मी मागे दुमडून ठेवली.

माझे वडील, आबा, गावातल्या पावणाईचे गुरव. आमच्याकडे ती पूजा किती पिढ्या आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. पावणाईचं खरं, दगडी, जुनं देऊळ सड्याच्या पायथ्याशीच आहे आणि माझे पर्यटक त्याच्यासमोरून मान न वळवता वर जायचे. कुणी थांबलंच तर बाथरूम कुठंय ते विचारायला. आबांनी ते सगळं गिळलं. पण फ्लेक्सचं कळलं त्या दिवशी मला म्हणाले, “देवीचो फ्लेक्स लावतंस? उद्या माझो पण लाव.” त्यानंतर जेवणापुरतं बोलणं उरलं होतं आमच्यात.

तर, बाईंनी सगळं मांडलं.

“काकी, हे कशाला?” मी विचारलं.

“ओटी हाय. नवस बोलले होते, फेडायला आले.”

“कुणाला बोलला होता?”

“हिलाच की,” त्यांनी फ्लेक्सकडे हात केला.

वाऱ्यानं खालची पट्टी उलगडली होती आणि सोमवार ते शनिवार सगळं ढळढळीत दिसत होतं. मी ती पायानं मागे सारायला गेलो, मग लाज वाटून हातानं सारली. मी लोकांना हसवतो, फसवत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. आणि ही बाई साडी घेऊन बार्शीहून आली होती.

“काकी, रागावू नका,” मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. “ही देवी खरी नाही. हे देऊळही नाही. मालिकेत देवीच्या डोळ्यांतून पाणी यायचं ना, ते मागून नळीनं सोडायचे. सोडणारा माणूस आमच्याच वाडीतला होता.”

“मला ठावं हाय, दादा.”

“ठाऊक आहे?”

“तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. टीव्हीतलं खरं काय आन खोटं काय, कळतंय मला.”

“मग खाली आमची पावणाई आहे. खरी. तिच्यापुढं ओटी भरू. आत्ता नेतो तुम्हाला.”

“खऱ्या देवीपुढं नको.”

हे त्या अगदी ठाम बोलल्या. 

“कुणासाठी बोलला होता नवस?” मी विचारलं.

“माझ्या लेकासाठी.” त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. नव्या मोटारसायकलला हार घातलेला आणि तिच्यावर बसून दात काढून हसणारा, माझ्याच वयाचा मुलगा. “किशोर.”

“आजारी होता?”

“अपघात. अकरा दिवस मशीनवर होता.”

“आता कसा आहे?”

“आता त्याला कसलाच त्रास नाही,” त्या म्हणाल्या आणि मोबाइल पदरानं पुसून पिशवीत ठेवला.

मला हायसं वाटलं. म्हणजे नवस पावला होता! खोटं कशाला सांगू, माझ्यातला गाइड तेवढ्यात जागा झाला. प्लायवूडची देवी नवसाला पावली, बार्शीची माउली साडी घेऊन आली. पुढच्या गाडीला हे सांगायचं म्हणून मी मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली.

“मग भरा ओटी,” मी म्हणालो. “मी बाहेर थांबतो.”

“असं नाही चालत. गाऱ्हाणं घालावं लागतं. मालिकेत बगितलंय की मी. गुरव उभा राहून सगळं सांगतो आन बाकीचे हो म्हणतात. त्याबिगर नवस फिटत नाही.”

ते तर खरंच होतं. मालिकेतलं बाकी सगळं मुंबईचं, पण गाऱ्हाणं आमचं. देवापुढं उभं राहून गुरव माणसाचं म्हणणं मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

“मी घालतो की,” मी म्हणालो. “लहानपणापासून ऐकतोय, सगळं पाठ आहे.”

“तुम्ही गुरव का?”

“आडनाव गुरव. पूजेचा मान वडिलांकडे आहे.”

“मग त्यांनाच बोलवा.”

“ते येणार नाहीत, काकी. त्यांना ही जागा अजिबात आवडत नाही.”

“विचारून तर बगा. मी बसते इथं. माझी काय घाई नाही.”

त्या खरोखरच मांडी घालून बसल्या. आता सांगायची काही सोय नव्हती. मी रिक्षा काढली आणि खाली आलो.

आबा पावणाईच्या ओट्यावर समई घासत बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

“आबा, वर एक बाई इली हा. बार्शीची. नवस फेडूक.”

“मगे हयसर हाड तिका.”

“पावणाईक नाय बोललली. वेळाईक.”

घासणं थांबलं. “त्या फ्लेक्साक?”

“व्हय.”

“तिका सांगलंस मा, ता खोटा आसा म्हणान?”

“सांगलंय. तिका ठावक आसा.”

“आणि तरी फेडूक इली?”

“गाऱ्हाणा गुरवानच घालूक व्हया म्हणता. मी घालतंय म्हटलंय, तर नको म्हणाली.”

“शाणी आसा,” आबा म्हणाले आणि समई बाजूला ठेवून हात धुतले. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. पण त्यांनी खुंटीवरचं धुतलेलं धोतर काढलं.

“तुमी येतास?” माझा विश्वास बसेना.

“बोलललो नवस आसा, तो फेडूक व्हयो. नाय फेडलो म्हणान देव काय करणा नाय. माणूस मातर आतल्या आत झुरता.” मग धोतराची गाठ मारता मारता म्हणाले, “तुझ्या रिक्षेत बसाक व्हया ना?”

आबा माझ्या रिक्षात त्या दिवशी पहिल्यांदा बसले. गाऱ्हाण्यासाठी म्हणून वाटेत त्यांनी बाईंचं आणि त्यांच्या लेकाचं नाव विचारून घेतलं. 

वर पोचल्यावर ते देवळाकडे बघतच राहिले. शूटिंग सुरू झाल्यापासून त्यांनी सड्यावर पाऊल टाकलं नव्हतं. आत आले, फ्लेक्ससमोर उभे राहिले. ती मेली पट्टी पुन्हा उलगडली होती.

“आयतवारी ही सुट्येर आसता काय रे?” त्यांनी मला विचारलं. मी पट्टी पुन्हा मागे दुमडली.

बाई उठून त्यांच्या पाया पडल्या. आबांनी त्यांना खाली बसवलं, स्वतःही बसले.

“बाये, गाऱ्हाण्यात सगळा सांगूक लागता,” ते म्हणाले. “काय मागललंस, कधी मागललंस, कशासाठी. अर्धा लपवलंस तर पोचणा नाय.”

आबांची बोली त्यांना सगळी कळली नसावी, पण प्रश्न कळला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागलो.

“तो ऱ्हवांदे,” आबा म्हणाले. “व्हय म्हाराजा म्हणाक कोणतरी व्हयो.”

बाईंनी पदर सारखा केला आणि फ्लेक्सकडे बघत, अंगणवाडीचा अहवाल सांगावा इतक्या शांतपणे सांगायला सुरुवात केली.

“नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता शुद्ध यायची नाही. मशीन काढायचं का, असं विचारलं, तर सून चक्कर येऊन पडली. व्याही म्हणाले, चमत्कार होतात, थांबू. मग सगळे नवस बोलायला लागले. ह्याला बरं कर, ह्याला उठव. मीपण त्यांच्यात हात जोडून उभी. पण त्याचे पाय पुसायला रोज मी जायची, बाबा. पाय सुजलेले. थंड. सुया टोचून टोचून हात काळे झालेले. डोळ्यांच्या कडेनं पाणी यायचं. डॉक्टर म्हणायचे, त्याला काही कळत नाही. त्यांना काय ठावं?”

“मगे?” आबांनी विचारलं.

“बाहेर बसायच्या जागेत टीव्ही लावलेला असायचा. दुपारी हिची मालिका दुसऱ्यांदा लागायची. अकराव्या दिवशी मी एकटीच होते. हिच्याकडं बगून म्हटलं, सोडव त्याला. माझ्या लेकराला सोडव, मी तुझ्या सड्यावर येऊन तुला साडी नेसवीन.” त्यांनी साडीच्या घडीवर हात ठेवला. “त्याच दिवशी दिवेलागणीला तो गेला.”

मघाशी जुळवलेली ती वाक्यं माझ्या डोक्यात तशीच होती. मला माझीच किळस आली.

“तुळजापूरच्या आईला हे कसं मागू?” त्या म्हणाल्या. “तिच्या पायाशी त्याचं जावळ काढलं. तिनं दिलेलं लेकरू, तिलाच म्हणू, घेऊन जा? आन तिनं ऐकलं असतं तर पुन्हा तिचं तोंड कसं बगितलं असतं मी? म्हणून हिला म्हटलं. ही खोटी हाय, हिला सांगितलं तर कुणाला पाप लागायचं नाही, असं वाटलं. तर हिनंच ऐकलं.”

“कोणाक सांगलंस ह्या?” आबांनी विचारलं.

“कुणालाच नाही. सगळे रडले, मी नाही रडले. लोक म्हणाले, धीराची बाई हाय. दोन वर्षं झाली. तोंडानं मागून घेतलं, बाबा. त्यावर रडायचं कसं?”

बाहेर वारा प्लास्टरच्या फटींतून वाजत होता. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, नारळ उचलून दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, ते पावणाईचं नाव घेतील. त्यांनी फ्लेक्सकडेही पाहिलं नाही. कमानीतून समोर समुद्र दिसत होता, तिकडे तोंड केलं.

“ह्या सड्यावर जी कोण आयकत आसात, तिका गाऱ्हाणा आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

“एकटो आसस. मोठ्यान बोल.”

“व्हय म्हाराजा!”

“बार्शीची ही लेक, डोईफोड्यांची सून, बोललला फेडूक आज हय इली हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हिचो झील किशोर, अकरा दिवस पडान होतो. तेचे हाल हिका बघवले नाय. तेका सोडय म्हणान हिणा मागला. जा मागला ता आवशीन मागला, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” आवस म्हणजे आई. आवाज मोठा काढायचा होता, निघाला नाही. या वेळी आबांनी टोकलं नाही.

“तेच्यात काय चुकला-माकला आसात, तर ता हिच्या पदरात घालू नको. मी ह्या गावचो गुरव आसंय. ता माझ्या पदरात घाल, म्हाराजा!”

मी गप्प राहिलो. लहानपणापासून शेकडो गाऱ्हाणी ऐकली होती. चुकलंमाकलं पोटात घाल, हे प्रत्येकात असतं. माझ्या पदरात घाल असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि म्हणणारा माझा बाप होता. आबा पाठमोरे उभे होते, नारळ हातात, वाट बघत. हो म्हणणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढं सरकत नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो, सगळा जोर लावून.

मग आबांनी साडीची घडी मोडली. फ्लेक्सला साडी नेसवणार कशी? त्यांनी मला एक बांबू फ्लेक्ससमोर आडवा बांधायला लावला आणि साडी त्यावरून नीट निऱ्या घालून सोडली. पावणाईला नेसवतात तितक्याच निगुतीनं. बाईंनी खाली ओटी भरली. नारळ उंबऱ्यावर आपटला तर थर्माकोलला खड्डा पडला, नारळ तसाच. आबांनी कपाळाला हात लावला, बाहेर कातळावर जाऊन नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करून आम्हाला दिले.

“फिटला का ओ, बाबा?” बाईंनी विचारलं.

“फिटलो, बाये.”

त्यांनी मान हलवली. खोबरं तोंडात घातलं, दोनदा चावलं आणि मग तिथंच, कातळावर, बसकण मारली. पहिला हुंदका आला तेव्हा मला वाटलं ठसका लागला. मग त्यांनी “किशोर” अशी हाक मारली. पोरगं लांब खेळायला गेलंय आणि आईला ते दिसत नाहीये, तशी. पुन्हा मारली. मग त्या ओक्साबोक्शी रडायला लागल्या, कपाळ कातळाला टेकून.

मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. आबांनी माझा दंड धरला.

“जाव नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “रडांदे तिका. दोन वर्सां ऱ्हवलला आसा.”